दुसरं माप

— ब्याण्णव. तुम्हीच वाचलात ना आकडा? मग लिहा तुमच्या त्या वहीत, नाहीतर उद्या म्हणाल काकांनी फुगवून सांगितला. आता हा मणी मी दिव्याखाली ठेवतो — हा, हा निळा दिवा — आणि ही पिवळी काच धरा डोळ्यांसमोर. दिसलं? हिरवं? सगळ्यांचं तोंड असंच उघडं राहतं, मिटा आता. तांदळाच्या दाण्याएवढा लिबलिबीत जेलचा तुकडा, त्यात प्रोटीन. निळा उजेड पडला की हिरवं चमकतं. भोवती साखर जास्त तर चमक जास्त, साखर कमी तर चमक कमी. दंडात कातडीखाली बसवायचा, वरून पट्टा बांधायचा, पट्टा आतली चमक मोजतो आणि अंगात साखर किती ते सांगतो — बोट टोचायला नको, काही नको. झालं! एवढ्यावर मोठे सर दीड तास भाषण देतात. राहू दे तो मणी तिथेच. आपलं बोलणं होईपर्यंत राहू दे दिव्याखाली, मग परत रीडरमध्ये, या चमक मोजायच्या यंत्रात घालू, आणि ब्याण्णवचे ब्याण्णव निघाले की तुम्ही तुमची बॅग उचला आणि या. म्हणे उजेडानं प्रोटीन मरतं! कुठल्या पुस्तकात वाचलंत, की येताना गाडीत कुणी सांगितलं?

त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय हलतो. स्टूल घ्या. स्टुलावर बसायची सवय नसेल म्हणा — तुमच्या चौकशी समितीचे लोक गुबगुबीत खुर्च्यांवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. मागच्या आठवड्यात तिघे आले होते, त्यातल्या एकानं मला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" मी म्हटलं, एकतीस वर्षं. कळलंच नाही त्याला. या खोलीत एकतीस वर्षं आहे मी, साहेब. मोठे सर आले तेव्हा त्यांना पिपेट धरता येत नव्हती, अंगठा घसरायचा. कोटाची बटणंसुद्धा वरखाली लावायचे. आज त्यांचा फोटो दारात लावलाय. माझा? माझा आयकार्डावर आहे, तोही तिरका आलाय.

आणि ती प्रोटीन बनवणारी फॉइलबाई. मीच ठेवलंय नाव. तीन वर्षांपूर्वी आली, ही एवढीशी, चष्मा नाकापेक्षा मोठा, आणि आल्या दिवसापासून फॉइल. बाटलीला फॉइल, डबीला फॉइल, फ्रिजच्या काचेला फॉइल — एक दिवस मी माझा जेवणाचा डबा फॉइलमध्ये गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवला, म्हटलं, बाई, हाही अंधारात ठेवायचा का? सगळे हसले. ती पण हसली. तिला राग येत नाही, तेच मला आवडत नाही तिचं. खिडकीला काळा कागद लावला, ट्यूबलाइट काढून लाल बल्ब लावला, माझे डोळे गेले त्या लाल उजेडात लेबलं वाचून. का? तर म्हणे हे प्रोटीन चमकून चमकून थकतं, आणि एकदा थकलं की पुन्हा उठत नाही. तिचा तो पट्टासुद्धा बघा, पाच मिनिटांतून एकदा डोळा मिचकावल्यासारखा क्षणभर उजेड टाकतो — म्हणे वर्षभर पुरला पाहिजे. अहो, हे प्रोटीन मुळात आलं कुठून? समुद्रातल्या त्या जेलीसारख्या प्राण्यातून. तो आयुष्यभर चमकतो की नाही? त्याला कुणी गुंडाळलं होतं फॉइलमध्ये? मी विचारलं होतं तिला हे. ती म्हणाली, "काका, जिवंत प्राणी नवीन प्रोटीन बनवत राहतो, आपला मणी नाही बनवत." उत्तर तयार! वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरींकडे असतं तसं.

नियम तर विचारूच नका. एक मणी, दोन मापं. बनवला त्या दिवशी ठरावीक साखरेच्या पाण्यात बुडवून पहिलं माप, आणि माणसाच्या दंडात जायच्या सकाळी पुन्हा दुसरं. दोन्ही आकडे नोंदवहीत, खाली माझी सही, त्याखाली तिची. दुसरा आकडा पट्ट्यात भरायचा — म्हणजे पट्ट्याला कळतं की एवढ्या साखरेला एवढी चमक. कशासाठी दुसरं? सोमवारी मोजलेला मणी बुधवारी काय दुसरा होतो? एकेक माप घ्यायला पंधरा मिनिटं — रीडर गरम करा, पाणी करा, डबी धुवा. सहा जणांच्या मण्यांची मी घेतली ना दुसरी मापं, मुकाट्यानं घेतली. नव्वदचे नव्वद, एक्क्याण्णवचे एक्क्याण्णव, एकदा एकोणनव्वद आला तर तिचा चेहरा असा झाला की जसं कुणाचं तरी पोर हरवलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला, सांगा? मला दिसतं चमकतंय की नाही. एकतीस वर्षांचे डोळे आहेत हे.

नाही, हात नका लावू. राहू दे. सात-आठ मिनिटं झाली असतील फक्त. बघा, कसा चमकतोय, काही कमी झालाय का? नाही ना? मग.

हा दिवा आमच्या कामाचा नाहीच मुळी, पाहुण्यांचा आहे. अनुदानवाले आले, शाळेची सहल आली, कुणाचे तरी सासरे आले, की मोठे सर म्हणणार, "काका, जरा दाखवा." मग मी पडदा ओढणार, दिवा लावणार, मणी ठेवणार, आणि सगळे "अहाहा." प्रोटीन म्हणजे काय ते एकाला ठाऊक नसतं — गाढवाला गुळाची चव काय! पण टाळ्या वाजतात, साहेब. सरांच्या भाषणाला नाही वाजत, माझ्या बटणाला वाजतात. फॉइलबाई आल्यावर तेही बंद. म्हणे पाहुण्यांना जुने, फेकायचे मणी दाखवा. जुने! पाहुण्यांना काय शिळं वाढायचं? मी कधीकधी... म्हणजे, दाखवायचो जुनेच. लिहू नका हे, याचा तुमच्या कामाशी संबंध नाही.

तुमचं काम सातव्याचं. सात नंबर. सांगतो, मला काय लपवायचंय. इथे माणसांना नावं नसतात, नंबर असतात, तोही फॉइलबाईंचा नियम — मणी बनवणाऱ्याला कळता कामा नये तो कुणाच्या दंडात जाणार. तर बुधवारी सातव्याच्या दंडात मणी गेला. शुक्रवारी जखम सुकल्यावर पट्टा बांधला, तेव्हापासून तो साखर कमी दाखवायला लागला. खरी होती त्याच्या निम्म्याहून खाली. पट्टा म्हणाला कमी, हा गोड खायचा. पट्टा म्हणाला आता बरोबर, हा इंजेक्शन घ्यायचा नाही. रविवारी सकाळी ओकाऱ्या, दुपारी शुद्ध गेली. दवाखान्यात मणी बाहेर काढला, तुमच्या समितीनं मोजला, बेचाळीस. नोंदवहीत नव्वद, नव्वद, दोन्ही मापं. मग नव्वदाचे बेचाळीस कसे झाले? तुमच्यातला एक म्हणतो शरीरानं खाल्लं, दुसरा म्हणतो फॉइलबाईंचं प्रोटीनच कच्चं होतं. आणि आज तुम्ही उगवलात, तुमचं तिसरंच — उजेड. अहो, प्रत्येकाला बोटं टोचून खात्री करा म्हणून सांगितलेलं असतं, दिवसातून दोनदा, कागदावर सही घेतलेली असते त्याची. त्याची बायकोसुद्धा म्हणत होती, टोचून बघा एकदा, एकदा टोचून बघा — पण हा हट्टी, लहानपणापासून हट्टी, म्हणाला, "दादाच्या हातचं आहे, चुकायचं नाही."

— काय? दादा म्हणजे मीच. सगळे मला दादा म्हणतात.

हो, इथे काका म्हणतात. काका म्हणतात, दादा म्हणतात, काय फरक पडतो? आणि लहानपणापासून म्हणजे — ते आपलं बोलायची पद्धत असते. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. पेन खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना.

भाऊ आहे. सख्खा, धाकटा. घ्या, लिहा, त्यात काय. अर्जात रकाना होता, "प्रकल्पातील कुणाशी नाते", त्यानं लिहिलं, नाही. मीच सांगितलं होतं लिही म्हणून. अकरा वर्षांचा असल्यापासून साखर आहे त्याला, साहेब. चाळीस वर्षं बोटं टोचतोय, बोटांची टोकं अशी झालीत की फोनला त्याचा अंगठा ओळखता येत नाही. आता तुम्ही म्हणाल, भावावर केवढं प्रेम. प्रेमबीम बाजूला ठेवा. तो वकील आहे. मोठा. आमच्या घरात हुशार तो, मी शेवटच्या वर्षाला दोनदा नापास. लग्नाकार्यात चार लोकांत माझी ओळख करून देतो, "हा आमचा दादा, प्रयोगशाळेत बाटल्या धुतो." हसत सांगतो हं, खांद्यावर हात ठेवून सांगतो. एकतीस वर्षं. आई होती तेव्हा ती पण हसायची. मी पण हसतो. फॉइलबाईंसारखा.

तर मंगळवारी दुपारी आला. दुसऱ्या दिवशी दंडात बसवायचा होता, आणि स्वारी घाबरलेली. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, त्या मोडक्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दादा, दाखव तरी काय घालणार आहेत माझ्या अंगात." फॉइलबाई सरांबरोबर मीटिंगला गेलेली. मी डबी काढली. नंबर सात — त्याच्या कागदावर होता. जुना नाही काढला — भावाला काय जुना दाखवू? फॉइल सोडली, पडदा ओढला, दिवा लावला. आणि त्याच्या हातात ही काच दिली, तुमच्या हातात आहे तीच. साहेब, तो काच डोळ्याला लावून पुढे वाकला. मग म्हणाला, "हे तू बनवलंस?" मी म्हटलं, हो. — म्हणजे प्रोटीन फॉइलबाईंचं, पण जेल माझं, मणी माझा, इतका गोल मणी दुसऱ्या कुणाला पाडता येत नाही, विचारा कुणालाही. तो म्हणाला, "दादा, मला माहीतच नव्हतं." पुन्हा म्हणाला, माहीतच नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर! मग आम्ही खाली चहाला गेलो. त्यानं माझा कप उचलून आणला, माझा, त्यानं. वीस मिनिटं बसलो असू. त्यानं कॅन्टीनवाल्याला सांगितलं, "हा माझा मोठा भाऊ, माझ्या दंडात याच्या हातचं यंत्र बसणार आहे." बाटल्यांचं नाव नाही काढलं.

दिवा? दिवा चालूच होता. चालू राहिला. गडबडीत बंद करायचा राहिला, होतं माणसाचं. वर आलो तर मणी चमकत होता, अस्साच, आत्ता चमकतोय तस्साच, डोळ्याला काडीचा फरक नव्हता. गुंडाळला, ठेवून दिला. झालं काय त्यात?

आणि बुधवारी सकाळी मी दुसरं माप घेतलं नाही. हं. ऐकलंत ना, मग परत काय विचारताय? घेतलं नाही. वर नव्वद होते, खाली नव्वद लिहिले. रीडर थंड होता, सहा वेळा सहा मापं तीच आली होती, आणि खरं सांगू — त्या पोरीच्या नियमासाठी मी माझ्या भावाचा मणी पुन्हा पाण्यात बुचकळायचा? मी बघितला होता तो. आम्ही दोघांनी बघितला होता. ती आली, म्हणाली, "काका, दुसरं माप घेतलंत ना?" मी म्हटलं, "हो मग! आजवर राहिलंय का कधी?" तिनं सही केली. माझ्या शब्दावर केली. उघडून नाही बघितलं, रीडरची चिठ्ठी नाही मागितली. एवढी नियमवाली, आणि तिथे मात्र काकांचा शब्द! मूर्ख आहे. तिनं तिचाच नियम मोडला, साहेब, हे लिहा, चिठ्ठी मागायला हवी होती तिनं.

तीन आठवडे घरी बसवलंय तिला. तुम्हीच बसवलंय. समितीपुढे काय बोलली माहीत आहे? "जबाबदारी माझी." बस्स. माझ्याकडे बोट नाही दाखवलं. तिला कळत नसेल? रीडरमध्ये प्रत्येक मापाची वेळ राहते, बुधवारी सकाळी तिथे काहीच नाही, तिला दोन मिनिटांत दिसलं असतं. तुम्हालाही दिसलं असतं म्हणा, पण तुम्ही लोक वह्या बघता, यंत्र नाही बघत. बघितलंत? ... बघितलंत. म्हणून आलात होय. आणि मघापासून मला बडबडू देताय, मूग गिळून बसल्यासारखे. बरोबर आहे, वकिलाच्या भावालाच असा साक्षीदार करतात.

भाऊ घरी आलाय, परवा. एका डोळ्यानं धूसर दिसतंय, डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. मी गेलो होतो. भावजय दार उघडून आत निघून गेली, पाणीसुद्धा विचारलं नाही, तिचं बरोबर आहे. तो पलंगावर. मला म्हणतो, "दादा, तुझ्यावर तर नाही ना काही आलं? त्या पोरीचं प्रोटीनच खराब होतं म्हणे. तू काळजी करू नकोस, मी बघतो, मी केस लढतो तुझ्या बाजूनं." माझ्या बाजूनं. मी तिथे उभा, हातात फळांची पिशवी, आणि मला लाज वाटली, साहेब, इतकी लाज की ती पिशवी खाली ठेवायचं सुचेना. आणि तरी मी काय म्हणालो? म्हटलं, "हो रे, आजकालच्या पोरी." हे बोललो मी. या तोंडानं.

पण तेव्हा मला माहीत नव्हतं. आताही नाही माहीत. कशावरून उजेडानंच झालं? शरीरानं खाल्लं असेल. प्रोटीन कच्चं असेल. वीस मिनिटांत काय होतंय? तीन आठवडे हा दिवा मी लावला नाही, हात गेला नाही माझा बटणाकडे, पण भीती होती म्हणून नाही, वेळ नव्हता म्हणून. आज तुमच्यासमोर लावलाच की. तुमच्यासमोर फॉइल सोडली, सातव्याच्याच दिवशी बनवलेला मणी आहे, तेच प्रोटीन, माझंच जेल, नंबर नऊ. ब्याण्णव होते. बघा, अजून कसा हिरवागार आहे. चला, झाली वीस मिनिटं. चिमटा द्या इकडे. नाही, मीच उचलतो, तुम्ही चिरडाल.

हं. पाणी तेच आहे. मघाचंच. झाकण लावा. आता आकडा थांबेपर्यंत बोलू नका — तुम्ही कुठे बोलताय म्हणा.

— चव्वेचाळीस.

थांबा. डबी नीट बसली नसेल. थांबा म्हणतो ना. पुसतो. असं. परत लावू.

चव्वेचाळीस.

डोळ्याला तर... तुम्ही बघितलात ना? काच होती ना तुमच्या हातात? सारखाच दिसत होता की नाही?

लिहा. दोन्ही मापं लिहा, वेळ घाला, खाली माझी सही घ्या. आणि तिला फोन करा, आत्ता, माझ्यासमोर नको, बाहेर जाऊन करा. भावाला मी सांगतो. तुम्ही नका सांगू, तुमच्यापैकी कुणी नका सांगू त्याला, ते माझं काम आहे. जा आता. काच तिथेच ठेवा. आणि जाताना तेवढा दिवा बंद करा, बटण उजव्या हाताला आहे.